पाखरं बघायची तर आधी पाणी बघा: मराठवाड्यात वन्यजीव पाहायला पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

नोव्हेंबर 2022. पहाटे साडेचारला उठून, मित्राची दुर्बीण उसनी घेऊन मोटारसायकलवर पैठण गाठलं. फ्लेमिंगो बघायचे होते. नाथसागर, म्हणजे जायकवाडी धरणाचा जलाशय, त्या वर्षी काठोकाठ भरलेला. काठावरच्या बाभळी निम्म्या पाण्यात, समोर नजर पोचेल तिथवर पाणी आणि त्या पाण्यात फार लांब काही काळे ठिपके. दोन तास उभा राहिलो. एक पाणकावळा आणि चार बगळे एवढी कमाई झाली. जाळं आवरत बसलेल्या एका मासेमार मामांनी विचारलं, "काय हुडकायलाव?" मी सांगितलं. ते हसले. म्हणाले, "पाणी उतरू द्या. चिखल उघडा पडला की या. आता त्यांनी उभं राहायचं कुठं?"

पुढच्या दोन-तीन वर्षांत डोंगर, तळी, माळ असं बरंच फिरलो, आणि प्रत्येक ठिकाणी मामांचंच म्हणणं वेगवेगळ्या रूपात समोर आलं. मराठवाड्यात ताडोबासारखी सफारी नाही. तिकीट काढलं, जीपमध्ये बसलो, गाईडने बोट दाखवलं असं इथे होत नाही. इथे पाणी कुठे आहे, किती आहे आणि कुठल्या महिन्यात ते कुठे सरकणार हे ज्याला कळतं त्याला पाखरं दिसतात. जनावरंही दिसतात. बाकीच्यांना बाभळी दिसतात. माझे पहिले पाच-सहा रविवार वाया गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून हे लिहितोय.

1. आधी महिना ठरवा, जागा नंतर

"कुठे जाऊ?" हा प्रश्न सगळे विचारतात. "कधी जाऊ?" कुणी विचारत नाही.

नोव्हेंबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत धरणं आणि तळी. लडाख, तिबेट, मध्य आशिया, सैबेरियाकडून आलेली पाखरं तेव्हा इथे असतात. मार्च ते मे डोंगर. पानं गळालेली, ओढे आटलेले, त्यामुळे उरलेल्या पाणवठ्यावर सगळ्यांना यावंच लागतं. जून ते सप्टेंबर मोर, सुगरणीची घरटी, पावसाच्या तोंडावर येणारा चातक आणि "पेरते व्हा" म्हणून दिवसभर कान किटवणारा पावशा. पण पावसाळ्यात डोंगरात सस्तन प्राणी दिसण्याची आशा धरू नका. हिरवळ इतकी दाट असते की दहा पावलांवरचं रानडुक्कर दिसत नाही. ऑक्टोबर हा सगळ्यात फसवा महिना. हवा छान, सुट्ट्या भरपूर, आणि सगळीकडे पाणी असल्यामुळे सगळे प्राणी सगळीकडे विखुरलेले.

2. धरणाची पातळी वाचायला शिका

जायकवाडीची भिंत सुमारे 10 किलोमीटर लांब आहे. एवढी लांब भिंत का लागली? कारण जमीन जवळपास सपाट. दरीत बांधलेलं धरण खोल असतं. हे मात्र ताटासारखं पसरट आहे, कित्येक गावांच्या शेतांवर पाणी पसरलेलं. 1976 मध्ये धरण पुरं झालं, पण पाखरांना त्याचा पत्ता लागायला सरकारी कागदाची गरज नव्हती. 1986 मध्ये 341 चौरस किलोमीटरचा परिसर पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला तेव्हा पाहुणे आधीच येऊन बसलेले होते.

काठाला उतार फार कमी, म्हणून पातळी थोडी जरी खाली आली तरी जमिनीचा मोठा पट्टा उघडा पडतो. त्या ओल्या गाळात किडे, शंख, गोगलगायी, कोवळं गवत. लांब पायांच्या पाखरांना उभं राहायला घोटाभर पाणी लागतं, ते या पट्ट्यात मिळतं. पाणी आणखी मागे सरकलं की शेतकरी त्या गाळात हरभरा, गहू पेरतात. आपल्याकडे याला गाळपेर म्हणतात. कोवळा हरभरा उगवला की पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राखाडी हंस, चरायला उतरतात. हिमालय ओलांडून आलेलं पाखरू गाळपेरातला हरभरा खातंय हे दृश्य आपल्याला भारी वाटतं. शेतकऱ्याला वाटत नाही, हे लक्षात ठेवा.

तर करायचं काय? नाथसागराची पूर्ण संचय पातळी 1522 फूट. रोजची पातळी आणि जिवंत साठ्याची टक्केवारी मराठी पेपरात येते. निघण्याआधी ती बघा. माझा अनुभव असा: साठा नव्वदच्या वर असेल तर काठावर काही मिळत नाही, वेळ दुसरीकडे घालवा. कालव्यांची आवर्तनं सुटून साठा साठ-सत्तरच्या आसपास आला की काठ जिवंत होतो. 2023 च्या पावसाने दगा दिला आणि धरण निम्म्यापर्यंतही नीट भरलं नाही. शेतकऱ्यांसाठी ते वर्ष वाईटच. पण त्या हिवाळ्यात फ्लेमिंगो मी पहिल्यांदा मन भरून पाहिले, हेही खरं. या छंदातला हा विचित्र भाग आहे आणि तो कुठे बोलावा, कुठे नाही, हे कळायला हवं.

हाच नियम माजलगाव, येलदरी, मांजरा, तुमच्या गावच्या पाझर तलावालाही लागू. मोठ्या धरणाचा काठ बुडालेला असेल त्या वर्षी छोट्या तलावांवर जा.

3. सामान

फार खर्च करू नका. माझ्या एका मित्राने पहिल्याच महिन्यात मोठी लेन्स घेतली. ती आता कपाटात आहे.

- दुर्बीण 8x42. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. 10 पटीची घ्यायचा मोह होतो, पण हात हलतो तसं चित्रही जास्त हलतं. "50 पट झूम" अशा जाहिरातीच्या स्वस्त दुर्बिणींना हातही लावू नका.
- खिशात मावेल अशी वही आणि पेन्सिल. दवात पेनाची शाई पसरते.
- मोबाईलवर मर्लिन (पाखरू ओळखायला) आणि ई-बर्ड (नोंद ठेवायला) ही ॲप. नेट मिळेलच असं नाही, त्यामुळे भारताचा संच घरूनच डाउनलोड करा.
- मातकट, खाकी, मळक्या हिरव्या रंगाचे कपडे. पांढरा सदरा लांबून चमकतो.
- घोट्याच्या वर जाणारे बूट. कुसळं, काटे आणि साप तिन्हींसाठी.
- माणशी 3 लिटर पाणी. मार्चनंतर 4.
- टोपी, बॅटरी, साधं प्रथमोपचाराचं साहित्य, भाकरी-ठेचा किंवा जे काय झेपतं ते.

अत्तर, बॉडी स्प्रे घरी ठेवा.

4. पहिली सकाळ घराजवळच्या तळ्यावर काढा

थेट नाथसागर नको. हजारो पाखरं एकदम समोर आली की नवख्याचं डोकं गरगरतं. छत्रपती संभाजीनगरात असाल तर सलीम अली सरोवराच्या कडेने किंवा हिमायतबागेच्या परिसरातून सुरुवात करा. बाकी कुठेही असाल तर गावचा तलाव आहेच.

पहिल्या महिन्यात दहाच पाखरं पक्की करायची: टिटवी, शेकाट्या, वंचक, राखी बगळा, टिबुकली, पाणकावळा, खंड्या, धोबी, जांभळी पाणकोंबडी आणि वारकरी. शेवटचं नाव वाचून थांबलात ना? अंगाने काळाभोर, कपाळावर पांढरा टिळा, आणि थव्याने शिस्तीत चाललेला, म्हणून याला वारकरी म्हणतात. नाथांच्या पैठणच्या पाण्यावर वारकऱ्यांची दिंडी बघायची तर हिवाळ्यातली कुठलीही सकाळ चालते.

ओळखताना रंगाच्या मागे लागू नका. उन्हात रंग बदलतात. आधी आकार बघा: चिमणीएवढा, मैनेएवढा, कावळ्याएवढा की घारीएवढा. मग चोच. मग पाय. मग तो करतोय काय: पळतो, बुडी मारतो, शेपूट हलवतो, की पुतळ्यासारखा उभा. हे चार प्रश्न वहीत लिहून घ्या, आणि पाखरू उडून गेल्यावर उत्तरं लिहा. फोटो काढण्याआधी लिहा. फोटो काढला की माणूस बघणं थांबवतो.

5. नाथसागर

संभाजीनगरहून पैठण 50 किलोमीटरच्या आसपास. उजाडायच्या आत पोचायचं. पैठणच्या बाजूने गेलात तर पाणी तुमच्या पश्चिमेला असतं, म्हणजे सकाळचं ऊन पाठीवर आणि पाखरांवर प्रकाश. पिंपळवाडी, सोनेवाडीकडचा काठ याचसाठी बरा. दुपारनंतर तिथूनच बघायला गेलात तर सगळी पाखरं काळी सावली होतात. संध्याकाळी बघायचं असेल तर शेवगाव तालुक्याच्या बाजूने, एरंडगावकडून. नगर रस्त्यावर कायगाव आणि प्रवरासंगमच्या मधल्या पुलाजवळही पाखरं चांगली असतात, फक्त पुलावर गाडी थांबवू नका. तिथली वाहतूक भयंकर आहे.

धरणाच्या भिंतीवर बंदोबस्त असतो. परवानगीशिवाय तिकडे वळू नका.

काठाच्या शंभरेक पावलं अलीकडे थांबा आणि दहा मिनिटं नुसते बसा. हे कुणी ऐकत नाही. पण माणूस उभ्याने चालत आला की पाखरं मागे सरतात आणि तोच बसला की पंधरा मिनिटांत परत येतात. पोरांना, मेंढरांना आणि म्हशींना ती घाबरत नाहीत, कारण ती रोजची. त्यामुळे म्हशींचा कळप पाण्याकडे निघाला असेल तर त्याच्या आडोशाने, गुराख्याला विचारून, मागे मागे जा. मला सगळ्यात जवळून चमचा म्हशींच्या कृपेने दिसलाय. चमचा म्हणजे ज्याची चोच पुढे पळीसारखी चपटी असते तो पांढरा पक्षी. तो पाण्यात चोच डावीउजवीकडे फिरवत चालतो.

बदकांमध्ये सुरुवातीला तीन ओळखा. केशरी-तांबूस अंगाचा चक्रवाक, जोडीने असतो. फावड्यासारख्या चोचीचा थापट्या. आणि लांब टोकदार शेपटीचा तलवार बदक. ही तीन जमली की बाकीची आपोआप वेगळी पडतात. करकोच्यांमध्ये गुलाबी झाक असलेला चित्रबलाक सगळ्यात देखणा. याला बघून लोक हमखास "सारस, सारस" ओरडतात. तो सारस नाही.

जानेवारीत इकडे गेलात तर हुरड्याचे दिवस असतात. कुणी बोलावलं तर नाही म्हणू नका. ज्वारीच्या कणसावर त्याच सुमारास भोरड्यांचे थवे तुटून पडतात, गुलाबी अंग आणि काळं डोकं असलेल्या मैना. गोफण घेऊन त्यांना हाकणारा शेतकरी आणि दुर्बीण लावून त्यांना बघणारे आपण एकाच बांधावर उभे असतो. अशा वेळी दुर्बीण त्याच्या हातात द्या. बहुतेक जण पाच मिनिटं बघतात आणि मग पुढच्या वेळी कुठे यायचं ते स्वतःहून सांगतात.

फेब्रुवारीनंतर एक काळजी घ्या. पाणी उतरून मध्ये बेटं उघडी पडतात, त्यांवर नदी सुरय घरटी करतात. टिटवी तर उघड्या खड्यांतच अंडी घालते, आणि ती अंडी खड्यांसारखीच दिसतात. डोक्यावर टिटवी आरडाओरडा करत झेपा घ्यायला लागली की समजा, पायाजवळ कुठेतरी अंडी आहेत. आल्या पावली मागे फिरा.

6. डोंगर: गौताळा आणि बाकीचे

गौताळा औट्रमघाट अभयारण्य 1986 चं, साधारण 261 चौरस किलोमीटर, सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत, बरंचसं आपल्याकडे कन्नडला आणि उरलेलं चाळीसगावकडे. आपल्या बाजूने हिवरखेड्याकडून जाता येतं, खानदेशच्या बाजूने पाटणादेवीकडून.

इथे बिबट्या आहे, अस्वल आहे, रोही (म्हणजे नीलगाय), भेकर, चिंकारा, रानडुक्कर, तरस, साळिंदर आहे. पण पहिल्या खेपेला बिबट्या बघायचाच असं ठरवून गेलात तर हिरमुसून परत याल. मी आजवर गौताळ्यात बिबट्या पाहिलेला नाही. त्याचे पाय मात्र ओल्या मातीत कितीतरी वेळा पाहिलेत, एकदा तर आमच्याच गाडीच्या चाकाच्या खुणेवर उमटलेले.

मार्च-एप्रिलमध्ये वनखात्याच्या माणसाला विचारून एखादा पाणवठा निवडा. पाण्यापासून लांब, वारा पाण्याकडून तुमच्याकडे येईल अशा बाजूला बसा. मूठभर माती वर उडवून बघा, वारा कळतो. मग हलायचं नाही, बोलायचं नाही, मोबाईल खिशात. पहिल्या तासात बुलबुल, होले, सातभाई. सातभाई भांडायला लागले की काही तरी आलंय असं समजा, बहुतेक वेळा मुंगूस किंवा साप. दुसऱ्या तासात मोर आणि वानरं. वानर आधी झाडावरून सगळीकडे बघतं आणि मगच उतरतं. त्याने वरून खोकल्यासारखा "खक्" आवाज काढला आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला वळली तर तुम्हीही तिकडेच बघा.

खुणा वाचायला इथेच शिका, कारण जनावर पाच मिनिटं दिसतं आणि खुणा दिवसभर दिसतात. मांजरकुळाच्या पावलात नखं उमटत नाहीत, ती आत ओढलेली असतात. लांडगा, तरस आणि कुत्रा यांची नखं उमटतात. पांढरी, खडूसारखी विष्ठा तरसाची. तो हाडं खातो, त्यातला चुना तसा बाहेर पडतो. एकाच जागी लेंड्यांचा मोठा ढीग म्हणजे रोही, तो ठरलेल्या जागीच जातो. वारूळ उकरलेलं, मोठा खड्डा, आणि जवळच्या विष्ठेत बोराच्या बिया असतील तर अस्वल येऊन गेलंय. तेव्हा तिथे रेंगाळू नका. बिबट्या माणसाला टाळतो, पण दचकलेलं अस्वल सरळ अंगावर येतं. दाट झुडपातून जाताना थोडं बोलत, काठी आपटत जा. एरवी शांत राहा म्हणतो, हा त्याला अपवाद.

पाखरांत इथे स्वर्गीय नर्तक, हळद्या, टकाचोर, निखार, सर्पगरुड. फेब्रुवारीच्या शेवटी पळस आणि सावर फुलली की त्या एका झाडाखाली बसून राहिलं तरी पुरतं. फळांवर आलेला वड किंवा उंबर सापडला तर हरियालांचा थवा शोधा. पानांच्याच रंगाचा असल्यामुळे तो आधी दिसत नाही. फळं टपटप खाली पडताना दिसतात, मग मान वर जाते. महाराष्ट्राचा राज्यपक्षी आहे हा, आणि बऱ्याच जणांनी पाहिलेलाच नसतो.

बीड जिल्ह्यात पाटोदा तालुक्यातलं नायगाव मयूर अभयारण्य, 1994 चं, सुमारे 30 चौरस किलोमीटर. मोरासाठी पाऊस तोंडावर आल्यावर जा. धाराशिव जिल्ह्यात येडशी-रामलिंग, 22 चौरस किलोमीटरच, 1997 चं. रामलिंगाच्या दर्शनाला जाणारे हजारो, जंगल बघणारे थोडे. आणि डिसेंबर 2024 मध्ये या एवढ्याशा जंगलात ट्रॅप कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरकडून, मधली सगळी शेतं आणि महामार्ग ओलांडून. गौताळ्यातही 2021 मध्ये असाच एक पाहुणा वाघ टिपला गेला होता. वाघाच्या बातमीवर गाडी काढून धावणारे तेव्हा पुष्कळ निघाले. तुम्ही जाऊ नका. आधीच बावरलेल्या जनावरामागे गर्दी झाली की ते गावात शिरतं.

7. माळ विसरू नका

सगळे पाण्याकडे आणि डोंगराकडे जातात. मधला माळ रिकामा समजतात. वैजापूर-गंगापूरकडच्या गायरानांत, लातूर-धाराशिवच्या माळांवर काळवीट अजून आहेत. भरदिवसा दिसतात, त्यामुळे नवख्यांसाठी उत्तम. काळा नर आणि पिळदार शिंगं. मादीला शिंगं नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला बारीक शिंगं असतात, हा फरक पक्का करा. रोहीचा नर निळसर राखाडी, मादी तपकिरी. लांबून पुष्कळांना घोडाच वाटतो.

माळावर गाडीतून उतरू नका. गाडी त्यांना ओळखीची आहे. दोन पायांचा माणूस उतरला की शंभर काळवीट एका दमात दिसेनासे होतात.

लांडग्यासाठी धनगरांना विचारा. मेंढरं घेऊन माळावर राहणाऱ्याला लांडगा कुठल्या ओढ्यात बसतो, कुठल्या वेळी निघतो हे तोंडपाठ असतं. पण विचारण्याची पद्धत असते. "लांडगा दाखवा" असं म्हणू नका. त्याची मेंढरं गेलेली असतात. आधी बसा, चहा घ्या, "यंदा कितींदा पडला?" एवढंच विचारा. हिवाळ्यात पिल्लं असतात. बिळाची जागा कळली तरी तिकडे जायचं नाही आणि कुणाला सांगायचंही नाही.

आभाळाकडेही बघा. गवतावरून अगदी खालून, पंख किंचित वर धरून तरंगत जाणारा भोवत्या हिवाळ्यातच येतो. आपल्याकडे उंच उडणाऱ्या प्रत्येक पाखराला गरुड म्हणायची सवय आहे. दहापैकी नऊ वेळा ती घार असते. शेपटीला खाच दिसली की घार.

8. कागदपत्रं आणि परवानगी

- प्रत्येकाचं ओळखपत्र, आधार चालतं.
- लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी.
- प्रवेशाची पावती बाहेर पडेपर्यंत जपा. कॅमेऱ्याची वेगळी फी असेल तर तिचीही.
- अभयारण्यात मुक्काम करायचा असेल तर वन्यजीव विभागाच्या कार्यालयातून आधी लेखी परवानगी. फाटकावर जाऊन विनंती केली की होईल, या भरवशावर राहू नका. आम्ही एकदा राहिलो आणि रात्री अकराला कन्नडला लॉज शोधत फिरलो. चूक आमचीच.
- ड्रोन नेऊ नका. परवानगीशिवाय उडवला तर कारवाई होते, आणि पाखरं घरटी सोडतात ते वेगळंच.

सूर्योदयानंतर आत, सूर्यास्ताआधी बाहेर. आतून काहीच उचलायचं नाही: मोरपीस, साळिंदराचा काटा, शिंग, काही नाही. रस्त्यात सापडलं असं सांगून सुटका होत नाही, 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा कडक आहे. जखमी प्राणी दिसला तर स्वतः उचलू नका, वनखात्याच्या 1926 वर फोन करा.

9. नवखे इथे फसतात

गाळ. वरून वाळलेला दिसतो, भेगाही पडलेल्या असतात, आणि खाली खीर असते. फ्लेमिंगोच्या नादात मी मांडीपर्यंत रुतलो होतो. दोघांनी ओढून काढलं, एक बूट अजून तिथेच आहे. जिथे म्हशींचे खूर खोल गेलेत त्याच्या पुढे जाऊ नका. मासेमारांच्या थर्माकोलच्या तराफ्यावर बसून फोटो काढायचा हट्टही नको. ते त्यांच्यासाठी आहेत, त्यांना पोहता येतं.

करंट. रोही आणि डुकरांपासून पीक वाचवायला बांधावर तारा ओढलेल्या असतात. झटका मशीन असेल तर झटका बसून भागतं. पण काही ठिकाणी थेट वीज सोडलेली असते आणि तिने माणसं मेली आहेत. पहाटे अंधारात कुणाच्या शेतातून आडवं जाऊ नका. पांदणीने जा, आणि जागल करून परतणारा शेतकरी भेटला तर त्यालाच विचारा. रात्रभर जागलेल्या माणसाला बातमीही सगळ्यात ताजी असते.

आणि त्याच्यासमोर "वा, काय सुंदर रोही!" म्हणू नका. त्याच्या तुरीत शिरलेला असतो तो.

आग्या मोहोळ. गौताळ्यातल्या पितळखोरा लेण्यांच्या कड्यांसारख्या ठिकाणी खडकाला लटकलेली असतात. धूर, अत्तर, आरडाओरडा नको.

जनावर. आमच्याकडे "जनावर निघालं" म्हणजे साप निघाला. घोणस, फुरसं वाळल्या पानांत अजिबात दिसत नाहीत. हात कपारीत घालू नका. चावलाच तर बांधाबांधी, कापाकापी, मांत्रिक काही नको. अवयव न हलवता 108 ला फोन आणि थेट सरकारी दवाखाना.

मोबाईलवर पाखराचा आवाज वाजवून त्याला बोलावणं. दोनदा मीही केलंय. त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा नर आला, आणि ते घरटं, पिल्लं सोडून भांडायला येतं. घरट्याचे जवळून फोटो, फांद्या बाजूला करून काढलेले, हेही त्यातलंच. आणि घुबड, लांडगा, खवल्या मांजर यांची नेमकी जागा व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. त्या ग्रुपमध्ये कोण कोण आहे ते तुम्हाला माहीत नसतं.

बिबट्या समोर आला तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही. उभं राहून, हात वर करून, लहान मुलांना उचलून घेऊन, तोंड त्याच्याकडेच ठेवून हळूहळू मागे.

10. नोंद ठेवा

तारीख, वेळ, जागा, हवा, पाणी किती, आणि काय दिसलं. "पाणी किती" हा रकाना माझा. धरणाची त्या दिवशीची टक्केवारी लिहितो. दोन हिवाळे लिहिल्यावर तिसऱ्या हिवाळ्यात वही चाळून कुठे जायचं ते ठरवता येतं, कुणाला विचारायला लागत नाही. दिसलेलं ई-बर्डवर टाका, संख्या अंदाजे असली तरी चालते. न ओळखलेलं पाखरू "न ओळखलेलं" म्हणूनच लिहा.

5 ते 12 नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. 5 ला मारुती चितमपल्लींचा आणि 12 ला सलीम अलींचा जन्मदिवस. त्या आठवड्यात जाणकारांबरोबर मोफत फेऱ्या निघतात, नवख्याने चुकवू नये. जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते, मोजायला माणसं कमीच पडतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणावर बसायचं असेल तर वनखात्याकडे महिनाभर आधी चौकशी करा, जागा मोजक्या असतात.

मामांची गाठ परत पडली ती जानेवारी 2024 ला, त्याच काठावर. मी काही बोलायच्या आत त्यांनी हाताने डावीकडे खूण केली. गाळाच्या पट्ट्यावर, घोटाभर पाण्यात, गुलाबी रांग उभी होती.